उपाधी आणि कारकीर्द : ‘सावरपाडा एक्सप्रेस’ या नामाचा विचार

१. प्रास्ताविक

विशेषनामांचा अभ्यास आपल्याकडे मुख्यतः स्थलनामे, आडनावे व देवतानामे यांच्या अंगाने झाला आहे. व्यक्तीला तिच्या मूळ नावाखेरीज समाजाकडून जी नामे मिळतात, म्हणजेच ज्यांना आपण स्थूलमानाने उपाधी म्हणतो, त्यांचा विचार त्या मानाने कमी झालेला दिसतो. वस्तुतः उपाधी हे भाषाभ्यासाचे अत्यंत उपयुक्त साधन होय. मूळ नाव आईबाप ठेवतात आणि त्या वेळी त्या व्यक्तीने काहीच केलेले नसते. उपाधी समाज देतो आणि ती व्यक्तीच्या कर्तृत्वानंतर येते. कधीकधी ती मूळ नावाला गिळून टाकते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेल्या पांडुरंग सदाशिव साने यांना ‘साने गुरुजी’ हे नाव मिळाले, आणि आज त्यांचे मूळ नाव विद्यार्थ्याला आठवून सांगावे लागते.

प्रस्तुत लेखात एका क्रीडापटू स्त्रीच्या उपाधीचा विचार करावयाचा आहे. कविता राऊत या लांब पल्ल्याच्या धावपटू ‘सावरपाडा एक्सप्रेस’ या नावाने महाराष्ट्रात सर्वपरिचित आहेत. ही उपाधी कशी घडली, ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, उपाधी स्थळ आणि वेग सांगते. परंतु कारकीर्दीचे जे दोन मुख्य घटक, म्हणजे काळ आणि उपजीविका, ते तिच्यात मावत नाहीत.

२. कारकीर्दीची रूपरेषा

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कविता राऊत यांचा जन्म ५ मे १९८५ रोजी झाला. त्यांचे गाव सावरपाडा हे नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलच्या डोंगराळ परिसरात आहे. ही आदिवासी वस्ती होय. आरंभीच्या काळात त्या अनवाणी धावत, हे त्यांच्या मुलाखतींमुळे सर्वश्रुत आहे. पुढे नाशिक येथे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची पद्धतशीर तयारी झाली.

२०१० हे वर्ष या कारकीर्दीचा मध्यबिंदू ठरले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत झालेल्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. राष्ट्रकुल स्पर्धेत धावमार्गावरील वैयक्तिक शर्यतीत पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. पुढच्याच महिन्यात चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये रौप्य व ५,००० मीटरमध्ये कांस्य अशी दोन पदके मिळविली. २०१२ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला. २०१६ च्या आरंभी गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांनी मॅरेथॉन शर्यत २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत जिंकली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ दि जानेरो येथील ऑलिंपिकमध्ये त्या मॅरेथॉन धावल्या. तेथे २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद या वेळेसह त्यांचा क्रमांक १२० वा लागला.

या रूपरेषेला एक ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. स्त्रियांना लांब पल्ल्याचे धावणे झेपणार नाही, असा समज क्रीडासंस्थांमध्ये दीर्घकाळ रूढ होता. १९८० पर्यंत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी सर्वांत लांब शर्यत १,५०० मीटरची असे. स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ मध्ये आली आणि १०,००० मीटर शर्यत १९८८ मध्ये. म्हणजे कविता राऊत यांच्या जन्माच्या वेळी, त्यांनी ज्या शर्यतीत पुढे नाव मिळविले ती शर्यत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी अस्तित्वातच नव्हती.

३. उपाधीची घडण : पूर्वपद

‘सावरपाडा’ या पूर्वपदाची फोड कठीण नाही. ‘सावर’ हे काटेसावरीच्या झाडाचे नाव. ‘पाडा’ म्हणजे लहान वस्ती. ‘पाडा’ हा शब्द संस्कृत ‘पाटक’ या शब्दापासून प्राकृतातून आला असून बंगालीतील ‘पाडा’ (मोहल्ला) हा त्याचाच भाऊबंद आहे. तेव्हा ‘सावरींचा पाडा’ असा या नावाचा सरळ अर्थ लावता येतो.

झाडाचे नाव आणि वस्तीवाचक पद यांच्या जोडणीतून गावाचे नाव बनविण्याची ही रीत खान्देशच्या वाचकाला अपरिचित नाही. साक्री तालुक्यातील ‘पिंपळनेर’ हे त्याच घडणीचे नाव होय. त्यातील ‘नेर’ बहुधा ‘नगर’ या शब्दाचे रूपांतर असावे. मात्र ‘नेर’ आणि ‘पाडा’ यांत सामाजिक अंतर आहे. अमळनेर, जामनेर, पिंपळनेर ही बाजारपेठेची गावे झाली. उलट ‘पाडा’ हे पद धुळे, नंदुरबार व नाशिक या जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यातील आदिवासी वस्त्यांशी निगडित राहिले. साक्री तालुक्यातीलच बारीपाडा हे त्याचे उदाहरण. वनसंवर्धनाच्या कामामुळे ते नाव आज राज्याबाहेरही पोहोचले आहे. सरकारदरबारी कित्येकदा पाड्याला स्वतंत्र गावाचा दर्जाही नसतो. मोठ्या महसुली गावाच्या पोटात तो नोंदला जातो. म्हणून एखाद्या पाड्याचे नाव वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर यावे, ही गोष्ट स्थलनामांच्या अभ्यासकाने सामान्य समजू नये.

४. उपाधीची घडण : उत्तरपद

‘एक्सप्रेस’ हे उत्तरपद इंग्रजीतून आलेले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘दाबून बाहेर काढणे’ असा आहे. त्यावरून ‘स्पष्ट’, त्यावरून ‘विशिष्ट हेतूसाठीचे’, आणि त्यावरून विशिष्ट स्थळी थेट जाणारी गाडी असा अर्थाचा प्रवास झाला. थेट जाणारी गाडी लवकर पोहोचते, म्हणून शेवटी ‘वेग’ हाच मुख्य अर्थ होऊन बसला. मराठीने हा शब्द घेताना त्याला स्त्रीलिंग दिले, कारण त्यामागे ‘गाडी’ हा शब्द अध्याहृत आहे. ‘एक्सप्रेस आली’, ‘एक्सप्रेस सुटली’ असे आपण म्हणतो. त्यामुळे धावणाऱ्या स्त्रीला हे नाव लावताना मराठीत लिंगाचा विसंवाद उत्पन्न होत नाही. पुरुषाच्या बाबतीत मात्र तो होतो. ‘रावळपिंडी एक्सप्रेस’ या उपाधीने ओळखल्या जाणाऱ्या गोलंदाजाबद्दल लिहिताना ‘एक्सप्रेस आला’ की ‘आली’ हा पेच मराठी लेखकापुढे उभा राहतो.

या नामप्रकाराचा साचा कविता राऊत यांच्याआधीचा आहे. झेक धावपटू एमिल झाटोपेक यांना रेल्वेच्या इंजिनाची उपमा देत असत. भारतात केरळच्या पी. टी. उषा ‘पय्योली एक्सप्रेस’ म्हणून विख्यात झाल्या. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांचे पदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. पुढे ‘सावरपाडा एक्सप्रेस’, सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर यांच्यासाठी ‘माणदेशी एक्सप्रेस’ आणि आसामच्या हिमा दास यांच्यासाठी ‘ढिंग एक्सप्रेस’ ही नामे त्याच साच्यातून निघाली.

व्याकरणदृष्ट्या ही नामे सारखी नाहीत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. ‘माणदेशी’ हे ‘ई’ प्रत्यय लागून झालेले विशेषण आहे. ‘पय्योली’ हे तसे ऐकू येते, पण तेथील ‘ई’ मूळ नावाचीच आहे. ‘सावरपाडा’ हे तर निखळ नाम असून त्याचे सामान्यरूपही झालेले नाही. ‘सावरपाड्याची कविता’ असे म्हटले की षष्ठीचा प्रत्यय येतो आणि त्याबरोबर आपलेपणाचा संबंध व्यक्त होतो. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ यात प्रत्यय गळून दोन नामे इंग्रजी धर्तीवर नुसती शेजारी ठेवली आहेत. ही रचना रेल्वेच्या वेळापत्रकाची आहे, बोलीतली नाही. गावातील माणूस ‘सावरपाड्याची’ म्हणेल. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे नाव गावाबाहेरच्या, वृत्तपत्रीय मराठीने दिलेले आहे, याचा हा रचनागत पुरावा होय.

५. उपाधीतील अंतर्विरोध

जळगाव-भुसावळच्या वाचकाला एक्सप्रेस गाडीचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. एक्सप्रेस म्हणजे शिरसोली, म्हसावद, माहेजी यांसारख्या लहान स्थानकांवर सामान्यतः न थांबता पुढे निघून जाणारी गाडी. तिला नाव मिळते ते मोठ्या शहराचे, प्रदेशाचे, नदीचे किंवा तीर्थक्षेत्राचे : महाराष्ट्र एक्सप्रेस, विदर्भ एक्सप्रेस, खान्देश एक्सप्रेस, पंचवटी एक्सप्रेस. पाड्याच्या नावाची एक्सप्रेस रेल्वेच्या व्यवहारात संभवतच नाही. पय्योलीला निदान रेल्वे स्थानक आहे. सावरपाड्याच्या डोंगरात रूळच नाहीत. जी गाडी लहान गावाला ओलांडून जाते, तिलाच लहान गावाचे नाव देणे हा या उपाधीतील अंतर्विरोध होय, आणि तिचे बळही त्यातच आहे. ती ऐकणाऱ्याला न विचारता सांगते की, जेथे काही पोहोचत नाही तेथून ही स्त्री आली.

परंतु याच ठिकाणी उपाधीची मर्यादाही सुरू होते. ‘एक्सप्रेस’ वेग सांगते. ४०० मीटर धावणाऱ्या उषांना हे रूपक चपखल बसते. १०,००० मीटर धावणाऱ्या स्त्रीला ते अर्धेच लागू पडते. या शर्यतीत ४०० मीटरच्या २५ फेऱ्या असतात. ग्वांगझू येथे कविता राऊत यांची वेळ ३१ मिनिटे ५१.४४ सेकंद होती. म्हणजे फेरीमागे सरासरी सुमारे ७६ सेकंद. येथील कौशल्य शक्य तितक्या वेगाने पळण्याचे नव्हे, तर शक्ती राखून ठेवण्याचे व ती केव्हा खर्चावयाची हे ठरविण्याचे असते. त्या शर्यतीत केरळच्याच प्रीजा श्रीधरन यांनी ३१ मिनिटे ५०.४७ सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. पंचवीस फेऱ्यांनंतर दोघींत एका सेकंदाचेही अंतर नव्हते. हा संयम, ही मोजदाद आणि त्यामागची वर्षानुवर्षांची मेहनत ‘सुसाट’ या विशेषणात येत नाही. उपाधीच्या रूपकातून निघणारी क्रियापदे मात्र तीच : गाडी सुटते, सुसाट धावते, आणि अपयश आले की रुळावरून घसरते. गाडी दमत नाही, तिचे वय वाढत नाही, आणि तिला उद्याच्या उपजीविकेची चिंता नसते.

६. ‘पटू’, ‘कन्या’ आणि ‘ती’

उपाधीच्या भोवती असलेली इतर भाषाही पाहिली पाहिजे. ‘खेळाडू’ व ‘धावपटू’ हे शब्द मराठीत उभयलिंगी आहेत. ‘पटू’ म्हणजे निपुण. ‘बुद्धिबळपटू’, ‘गोल्फपटू’ यांतून ते निपुणतेखेरीज काहीच सांगत नाही. हा मराठीचा गुणच म्हणावा लागेल. तरी व्यवहारात ‘महिला धावपटू’ असे लिहिले जाते, ‘पुरुष धावपटू’ मात्र क्वचितच. दुसरा शब्द ‘सुवर्णकन्या’. ‘कन्या’ हे नातेवाचक पद असल्यामुळे पदक मिळविणारी प्रौढ स्त्रीदेखील कुणाची तरी मुलगी म्हणूनच समोर येते. ‘सुवर्णपुत्र’ त्या मानाने विरळ आढळतो.

तिसरी गोष्ट सर्वनामाची. क्रीडावृत्तांत खेळाडूचा उल्लेख सर्रास एकवचनी होतो : ‘कविताने पदक जिंकले’, ‘तिने सांगितले’. त्याच वृत्तात प्रशिक्षकाचा व मंत्र्याचा उल्लेख आदरार्थी बहुवचनात असतो. पुरुष खेळाडूलाही हाच नियम लागू आहे, म्हणून केवळ स्त्रीविषयीच्या अनादराचा हा प्रश्न नाही. एकवचनात जवळीक आहे हे खरे. पण त्याबरोबर खेळाडू हा सदैव लहान, घरचा, कौतुकाचा विषय राहतो. व्यवसाय करणारी, करार करणारी, हक्क मागणारी व्यक्ती म्हणून त्याचा उल्लेख या व्याकरणात अवघड होतो. प्रस्तुत लेखात ‘त्या’ व ‘यांनी’ ही रूपे हेतुतः योजली आहेत.

७. एक परदेशी तुलना

कोरियाच्या व्यावसायिक गोल्फपटू पाक से-री यांच्याशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. त्यांचा जन्म १९७७ चा. १९९८ मध्ये, कोरिया आर्थिक संकटात सापडला असताना, अमेरिकेतील आपल्या पहिल्याच हंगामात त्यांनी दोन प्रमुख स्पर्धा जिंकल्या. त्यांपैकी अमेरिकन महिला खुल्या स्पर्धेच्या निर्णायक फेरीत चेंडू तळ्याच्या काठाशी गेला तेव्हा त्यांनी बूटमोजे काढून पाण्यात उतरून फटका मारला, आणि ते दृश्य कोरियात राष्ट्रीय जिद्दीचे प्रतीक झाले. अनवाणी पाय येथेही आहेत. पण पाक यांनी ते एका फटक्यासाठी स्वतः निवडले, सावरपाड्यात ती परिस्थिती होती. पाक यांनी अमेरिकन व्यावसायिक मालिकेत २५ स्पर्धा जिंकल्या, त्यांत पाच प्रमुख स्पर्धा होत्या. २००७ मध्ये जागतिक गोल्फच्या मानवंदना-मालिकेत त्यांचा समावेश झाला आणि २०१६ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

भाषेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. त्यांना पाहून गोल्फकडे वळलेल्या मुलींच्या पिढीला कोरियनमध्ये ‘से-री किड्स’ असे नाव पडले. ‘किड्स’ हा शब्द तेथेही इंग्रजीतून उसना घेतलेला. या पिढीतील पाक इन-बी यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले, तेव्हा कोरियन महिला संघाच्या मार्गदर्शक पाक से-री याच होत्या. म्हणजे तेथे व्यक्तीचे नाव पुढच्या पिढीचे नाव झाले. आपल्याकडे गावाचे नाव व्यक्तीचे झाले, आणि साचा पुढच्या खेळाडूसाठी रिकामा राहिला. ‘से-री’ हे नाव पुढे वंश चालविते. ‘एक्सप्रेस’ हे नाव दर वेळी नव्या गावाच्या पाटीसह पुन्हा सुरू होते. नाशिकच्या धावमार्गावर कविता राऊत यांच्यानंतर मोनिका आथरे, संजीवनी जाधव अशा धावपटू आल्या; पण त्या मालिकेला कविता यांच्या नावाची ओळख मराठीने दिली नाही.

कोरियन उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन महिला व्यावसायिक गोल्फ संघटनेने खेळाडूंना इंग्रजी बोलता आलेच पाहिजे, न आल्यास निलंबन होईल, असा नियम जाहीर केला. त्याचा रोख प्रामुख्याने कोरियन खेळाडूंकडे आहे असे मानले गेले. सर्वत्र टीका झाल्यावर थोड्याच दिवसांत शिक्षेची तरतूद मागे घेण्यात आली. हातातील कौशल्य निर्विवाद असतानाही जिभेवरील भाषेवरून उपजीविका काढून घेण्याचा हा प्रयत्न होता. भाषेच्या विद्यार्थ्याने हे प्रकरण अवश्य अभ्यासावे.

८. ‘कारकीर्द’ हा शब्द

शेवटी ‘कारकीर्द’ या शब्दाकडे वळू. तो फारसीतून आला. ‘कार’ म्हणजे काम आणि उत्तरपद ‘करणे’ या अर्थाच्या धातूचे. मराठीत त्याचा जुना अर्थ राज्यकारभाराचा काळ असा होता. पेशव्यांची कारकीर्द, कलेक्टरची कारकीर्द असे आपण म्हणत आलो. आज तोच शब्द खेळाडूला लावला जातो. या शब्दात दोन गोष्टी गृहीत आहेत : केलेले काम, आणि त्या कामाचा आदि-अंत असलेला काळ. उपाधीत या दोन्ही गोष्टी नाहीत.

व्यावसायिक गोल्फपटूची उपजीविका स्पर्धेच्या बक्षिसातून व प्रायोजकांकडून चालते. भारतीय धावपटूची ती बहुधा नोकरीतून चालते. कविता राऊत यांना तेल व नैसर्गिक वायू महामंडळात नोकरी मिळाली. २०२४ मध्ये त्यांनी राज्य शासनाने आपल्याला शासकीय पद दिले नाही, अशी तक्रार जाहीरपणे केली आणि आदिवासी असल्यामुळे आपल्याला डावलले गेले, असे म्हटले. या तक्रारीचा न्यायनिवाडा करणे हे या लेखाचे काम नव्हे. भाषेच्या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी गोष्ट एवढीच की, ज्या वृत्तपत्रीय मराठीने ‘पाडा’ हे पद गौरवाने मिरविले, त्याच मराठीत त्या पदाच्या सामाजिक अर्थाचा प्रश्न त्या स्त्रीला स्वतःच्या तोंडाने विचारावा लागला.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या दिशेने पुष्कळ काम करता येईल. जळगाव व धुळे येथील वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवरून स्थानिक कुस्तीगीर, कबड्डीपटू व धावपटू यांच्या उपाधी जमवाव्यात. त्यांतील स्थलनामाचे रूप प्रत्ययासह आहे की प्रत्ययरहित, हे नोंदवावे. आणि त्याच वृत्तात सर्वनाम कोणते आले आहे तेही टिपावे. या नोंदींबरोबर त्या खेळाडूचे पुढे काय झाले, याचीही माहिती मिळवावी. तेवढ्याने उपाधी ही गौरव करते की गौरवाच्या नावाखाली हिशेब मिटविते, हे प्रत्येक उदाहरणापुरते तरी सांगता येईल.